एक कूपे, तीन बिल्ले, दोन पिढ्या: मॉडेल वर्षांमागचे विज्ञान

टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून घडवलेली एक छोटी स्पोर्ट्स कूपे २०१२ सालापासून जगभरच्या रस्त्यांवर धावते आहे. अमेरिकेत ती आधी सायन एफआर-एस या नावाने विकली गेली, २०१७च्या मॉडेल वर्षात तिचे नाव टोयोटा ८६ झाले आणि २०२२ पासून ती जीआर ८६ झाली. युरोपात तिच्या पहिल्या पिढीला जीटी ८६ म्हणत. सुबारूच्या दालनात मात्र हीच गाडी पहिल्यापासून बीआरझेड या नावाने उभी आहे. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाहनप्रेमींना जुन्या गाड्यांच्या बाजारात ती सहज भेटते, आणि मग प्रश्न पडतो: कोणत्या वर्षाची घ्यावी आणि कोणत्या ट्रिमची? ट्रिम म्हणजे आपल्याकडे ज्याला व्हेरिएंट म्हणतात ते.

या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकातल्या अश्वशक्तीच्या आकड्यात शोधले तर बहुतेक वेळा चुकते. दोन मॉडेल वर्षांमध्ये केवळ ५ अश्वशक्तीचा फरक असूनही गाडी हाती घेताच वेगळी जाणवते, तर दोन ट्रिममध्ये हजारो डॉलरचा फरक असूनही वळणावर त्या तंतोतंत सारख्या वागतात. म्हणून प्रत्येक बदलाला एक साधा प्रश्न विचारायला हवा: त्यामुळे गाडीच्या कोणत्या भौतिक राशीत फरक पडला? वस्तुमान, गुरुत्वमध्याची उंची, चाकापर्यंत पोचणारा टॉर्क, टायरची पकड आणि ब्रेकची उष्णता पेलण्याची ताकद या पाच राशी तपासल्या की वर्षे आणि ट्रिम यांचा गुंता सुटतो.

संयुक्त प्रकल्पाचा उगम

२००५ मध्ये टोयोटाने फुजी हेवी इंडस्ट्रीज या सुबारूच्या मूळ कंपनीत हिस्सा विकत घेतला. त्या सहकार्यातून स्वस्त, हलक्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या कूपेची कल्पना पुढे आली. टोयोटाच्या बाजूने तेत्सुया तादा मुख्य अभियंता होते. २००९च्या टोकियो मोटर शोमध्ये एफटी-८६ नावाची संकल्पना गाडी दाखवली गेली, २०११च्या शोमध्ये तिचे अंतिम रूप समोर आले आणि २०१२ मध्ये विक्री सुरू झाली. नाव कोणतेही असो, प्रत्येक गाडी जपानच्या गुन्मा प्रांतातील ओता शहरात, सुबारूच्या कारखान्यात तयार होते. त्यामुळे टोयोटाचा बिल्ला असलेल्या गाडीचाही चासी क्रमांक सुबारूच्या ‘जेएफ१’ या अक्षरांनी सुरू होतो.

८६ हा आकडा आला तो १९८३ ते १९८७ या काळात बनलेल्या एई८६ मालिकेतून. कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रुएनो या त्या जोडगाड्या १.६ लिटर इंजिनाच्या, हलक्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. ‘इनिशियल डी’ या जपानी चित्रमालिकेने घाटातल्या शर्यतींची नायिका म्हणून ट्रुएनोला पुढच्या पिढीत अजरामर केले. नव्या गाडीच्या इंजिनात हा आकडा पुन्हा भेटतो: सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवासही ८६ मिलिमीटर. चार सिलिंडरांचे एकूण आकारमान काढले तर ते बरोबर १९९८ घन सेंटिमीटर भरते.

आडवे इंजिन आणि खाली आलेला गुरुत्वमध्य

सर्व मॉडेल वर्षांना समान असलेला आणि या गाडीचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे तिचा खाली आणलेला गुरुत्वमध्य. बहुतेक चारसिलिंडर इंजिनांत पिस्टन उभ्या रेषेत वरखाली होतात. सुबारूच्या बॉक्सर इंजिनात ते क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना आडवे, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना धावतात. त्यामुळे इंजिन रुंद पण बुटके होते. सुबारूच्या इतर गाड्यांत पुढच्या चाकांनाही शक्ती द्यावी लागते, आणि त्यासाठीचे शाफ्ट इंजिन फार खाली बसू देत नाहीत. या कूपेत पुढची चाके केवळ दिशा देतात, म्हणून इंजिन आणखी खाली आणि आणखी मागे सरकवता आले. गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४६० मिलिमीटरवर आला आणि वजनाची विभागणी पुढे ५३ टक्के, मागे ४७ टक्के अशी झाली.

याचा फायदा आकड्यांत मोजता येतो. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. हा भार गाडीचे वजन, वळणातले पार्श्व त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणात वाढतो, तर डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या प्रमाणात घटतो. १२५० किलोची गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट जोराने वळत असेल, चाकांमधले अंतर १.५३ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.४६ मीटरवर असेल, तर सुमारे ३४० किलोचा भार बाहेर सरकतो. गुरुत्वमध्य ०.५५ मीटरवर असता तर हाच आकडा ४०० किलोच्या पुढे गेला असता. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमीच वाढते. म्हणून भार जितका कमी सरकेल तितकी चारही टायरांची एकत्रित पकड जास्त उरते. हा गुण विकत घेण्यासाठी वरच्या ट्रिमचे पैसे मोजावे लागत नाहीत, तो सर्वांत स्वस्त गाडीतही पूर्ण मिळतो.

२०१३ ते २०१६: पहिला टप्पा

अमेरिकेतले पहिले मॉडेल वर्ष २०१३. तिथे मॉडेल वर्ष कॅलेंडरच्या आधी सुरू होते, त्यामुळे २०१२च्या मध्यात विकलेली गाडीही २०१३चीच ठरते. आपल्याकडे कारखान्यातून बाहेर पडल्याचा महिना आणि वर्ष धरले जाते, म्हणून तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

या टप्प्यात एफए२० इंजिन ७००० आरपीएमला २०० अश्वशक्ती आणि ६४०० आरपीएमच्या पुढे २०५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. त्यात टोयोटाची डी-४एस इंधनप्रणाली होती, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर, एक थेट ज्वलनकक्षात आणि दुसरा हवेच्या वाटेत. थेट फवारलेले पेट्रोल बाष्प होताना कक्षातली हवा थंड करते, म्हणूनच १२.५ इतके उंच संपीडन गुणोत्तर टर्बोविना पेलता आले. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे डबल विशबोन सस्पेन्शन आणि टॉर्सेन जातीचा लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल अशी मांडणी होती. साधा डिफरेन्शियल वळणात हलक्या झालेल्या आतल्या चाकाला मोकाट फिरू देतो आणि शक्ती वाया जाते. टॉर्सेनमधले गिअर आपसातल्या घर्षणाने अडकतात आणि जास्त टॉर्क पकड असलेल्या बाहेरच्या चाकाकडे पाठवतात. अमेरिकेतल्या प्रत्येक एफआर-एस आणि बीआरझेडमध्ये तो मूळ किमतीतच मिळत असे.

सायनने एफआर-एसची एकच ट्रिम ठेवली. २०१३ मध्ये मॅन्युअल गाडीची किंमत वाहतूक खर्च वगळून २४,२०० डॉलर होती. हॅलोजन दिवे, कापडी आसने आणि नेव्हिगेशन नाही, असा तिचा साधा संसार होता. बीआरझेड प्रीमियममध्ये झेनॉन दिवे आणि नेव्हिगेशन मिळे, तर लिमिटेडमध्ये चामडे व अल्कांटारा यांची गरम होणारी आसने, दोन बाजूंना स्वतंत्र वातानुकूलन, फॉगलॅम्प आणि मागचा स्पॉइलर यांची भर पडे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि ब्रेक दोन्हींत तेच होते. वरची ट्रिम घेणाऱ्याला आराम जास्त मिळे, वेग नाही.

सर्व ट्रिममध्ये १७ इंची चाकांवर २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशेलिन प्रायमसी टायर होते. हा मुख्यतः इंधनबचत आणि शांतता यांसाठी घडवलेला टायर, प्रियससारख्या हायब्रिडलाही दिला जाणारा. हा कंजूषपणा नव्हता. रुंद आणि चिकट टायर खूप उंच मर्यादेपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम सुटतो. अरुंद व मध्यम पकडीच्या टायरवर गाडी कमी वेगातच, हळूहळू सरकू लागते, चालकाला ते आधी जाणवते आणि सावरायला वेळ मिळतो. रोजच्या रस्त्यावर कायद्याच्या वेगमर्यादेत राहूनही गाडीशी संवाद साधता यावा, हा अभियंत्यांचा हेतू होता.

या टप्प्याचे दोन दोष माहीत असायला हवेत. पहिला दोष टॉर्कच्या आलेखातल्या खड्ड्याचा. साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्क वाढायच्या ऐवजी खाली घसरतो. सिलिंडरमधून सुटलेल्या वायूंच्या दाबलहरी एक्झॉस्टच्या नळ्यांतून जाऊन परततात, आणि त्या कधी परततात हे नळीच्या लांबीवर ठरते. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का दिला तर झोका वाढतो आणि चुकीच्या क्षणी दिला तर मंदावतो, तसेच इथे होते: वरच्या आरपीएमला नेमक्या क्षणी परतणारी लहर सिलिंडर भरायला मदत करते, मधल्या टापूत ती आडवी येते. शहरात आणि ओव्हरटेक करताना इंजिन नेमके याच टापूत असते, म्हणून ही तक्रार इतकी गाजली. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड बदलून हा खड्डा बऱ्याच अंशी बुजवता येतो, आणि अनेक मालकांनी तेच केले.

दुसरा दोष यांत्रिक होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारूने व्हॉल्व्ह स्प्रिंगांसाठी जगभरातल्या सुमारे ४ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत सुरुवातीच्या बीआरझेड आणि तिच्या टोयोटा बहिणीही होत्या. स्प्रिंगवरचा ताण आणि पोलादातले सूक्ष्म अशुद्ध कण यांमुळे स्प्रिंग तुटण्याचा धोका होता. बॉक्सर इंजिनात सिलिंडर हेड दोन्ही बाजूंना, चासीच्या भिंतींजवळ असतात, त्यामुळे एवढ्याशा स्प्रिंगसाठी अख्खे इंजिन बाहेर काढून उघडावे लागते. जोडणी सफाईने झाली की नाही यावर पुढचे आयुष्य अवलंबून राहते. म्हणून २०१३ची गाडी पाहताना हे काम झाले का, कुठे झाले आणि त्याची कागदपत्रे आहेत का, हे विचारणे रंग किंवा आसनांपेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

२०१५च्या मॉडेलमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जुळणी सुधारली गेली. याच काळात मर्यादित आवृत्त्या आल्या: २०१५ची पिवळी एफआर-एस रिलीज सिरीज १.० (१,५०० गाड्या), त्याच वर्षीची बीआरझेड सिरीज ब्लू (१,००० गाड्या) आणि २०१६ची रिलीज सिरीज २.० (१,००० गाड्या). पहिल्या रिलीज सिरीजमध्ये टोयोटाच्या स्पर्धा विभागाच्या, म्हणजे टीआरडीच्या, छोट्या स्प्रिंगांमुळे गाडी थोडी खाली बसली होती. इंजिन मात्र या सर्वांत तेच होते.

२०१७: छोट्या बदलांचे मोठे वर्ष

सायन हे नाव २०१६ मध्ये बंद झाले आणि एफआर-एसची टोयोटा ८६ झाली. बाहेरून पाहता बंपर बदलला, एलईडी दिवे आले. आतला बदल जास्त महत्त्वाचा होता. अ‍ॅल्युमिनियमचे नवे इनटेक मॅनिफोल्ड आणि घर्षण कमी करणारे बदल यांमुळे मॅन्युअल गाडीत शक्ती २०५ अश्वशक्ती आणि टॉर्क २१२ न्यूटन-मीटर झाला. शिवाय मागच्या डिफरेन्शियलमधले अंतिम गुणोत्तर ४.१ वरून ४.३ वर गेले.

कागदावर ५ अश्वशक्ती म्हणजे अडीच टक्के. पण गाडी ढकलतो तो चाकावरचा टॉर्क, आणि तो इंजिनाचा टॉर्क, गिअरचे गुणोत्तर व अंतिम गुणोत्तर यांचा गुणाकार असतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६२६. घर्षण बाजूला ठेवले तर २०१३च्या गाडीत २०५ × ३.६२६ × ४.१ म्हणजे सुमारे ३,०५० न्यूटन-मीटर चाकांवर पोचतात. २०१७च्या गाडीत २१२ × ३.६२६ × ४.३ म्हणजे सुमारे ३,३०५. वाढ साडेआठ टक्क्यांच्या आसपास. यातला जवळपास ५ टक्क्यांचा वाटा एकट्या अंतिम गुणोत्तराचा, आणि हा वाटा प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक आरपीएमला मिळतो, टॉर्कच्या खड्ड्यातसुद्धा. त्याची किंमतही आहे: महामार्गावर त्याच वेगाला इंजिन ५ टक्के जास्त फिरते, म्हणून आवाज आणि पेट्रोल दोन्ही किंचित वाढतात. खड्डा २०१७ मध्ये बुजला नाही, त्याचा त्रास मात्र कमी झाला.

इथे एक सावधगिरी हवी. ही वाढ फक्त मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला मिळाली. सहा गिअरची ऑटोमॅटिक २०१७ नंतरही २०० अश्वशक्ती आणि २०५ न्यूटन-मीटरवरच राहिली. त्यामुळे ‘२०१७ नंतरची घ्या’ हा सल्ला ऑटोमॅटिक घेणाऱ्याला तितकासा लागू पडत नाही. ऑटोमॅटिकच्या बाजूने बोलणारी गोष्ट मायलेजची. अमेरिकेच्या अधिकृत चाचणीत २०१३च्या मॅन्युअल एफआर-एसला गॅलनला सरासरी २५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १०.६ किलोमीटर मिळाले, तर ऑटोमॅटिकला २८ मैल, म्हणजे सुमारे ११.९ किलोमीटर. तिचे वरचे गिअर अधिक लांब आहेत आणि महामार्गावर इंजिन निवांत फिरते.

ब्रेक, शॉक आणि खास आवृत्त्या

२०१७ मध्येच बीआरझेड लिमिटेडवर परफॉर्मन्स पॅकेज मिळू लागले. त्यात ब्रेम्बोचे ब्रेक (पुढे चार पिस्टनचे कॅलिपर, मागे दोन), सॅक्सचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि अर्ध्या इंचाने रुंद चाके होती. पहिल्या पिढीतला ट्रिमचा हा पहिलाच असा फरक होता जो थेट भौतिकशास्त्राला भिडतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

मोठ्या ब्रेकमुळे गाडी लवकर थांबते हा समज अर्धाच खरा आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर मूळ ब्रेकही चाक अडवू शकतात, पुढचे सगळे टायरच्या पकडीवर ठरते. एकदाच थांबायचे असेल तर अंतरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो उष्णतेत. चालकासह १३५० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे १३.३ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते, ताशी ८० किलोमीटरला तिचा चौथा हिस्साच. थांबताना ही जवळजवळ सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन शिरते. रेसट्रॅकवर किंवा लांबलचक घाटउतारावर हे पुन्हापुन्हा घडते, डिस्क तापतात, पॅडची पकड सुटते, ब्रेकऑइल उकळायला लागते आणि पेडल मऊ पडते. पॅकेजमध्ये पुढची डिस्क २९४ वरून ३२६ मिलिमीटर व्यासाची झाली. धातू जास्त, पृष्ठभाग जास्त, लिव्हर लांब. ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी हे पैसे सार्थकी लागतात. रोज कार्यालयात ये-जा करणाऱ्याला त्यांचा उपयोग क्वचितच होतो.

पुढच्या वर्षांत खास आवृत्त्यांची मालिका आली. २०१८ची बीआरझेड टीएस (अमेरिकेत ५०० गाड्या) सुबारूच्या स्पर्धा विभागाच्या, म्हणजे एसटीआयच्या, स्प्रिंगा, ब्रेम्बो, मागचा मोठा विंग आणि १८ इंची चाकांवर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ टायर घेऊन आली. २०१९ची टोयोटा ८६ टीआरडी स्पेशल एडिशन (१,४१८ गाड्या) ब्रेम्बो, सॅक्स आणि त्याच टायरांसह आली. २०२०ची हिरवी हाकोने एडिशन (८६० गाड्या) मुख्यतः रंग आणि सजावटीची होती. दुर्मीळपणा हा जुन्या बाजारात भाव वाढवतो, पण टीआरडी आणि हाकोने यांची चालवण्यातली किंमत एकसारखी नाही. पहिलीत टायर, ब्रेक आणि शॉक बदलले आहेत, दुसरीत प्रामुख्याने रंग. टोयोटाच्या बाजूला २०१८ पासून जीटी नावाची वरची ट्रिम होती. तिच्यात चामड्याची गरम होणारी आसने आणि स्पॉइलर यांसारख्या सोयी मिळत. अमेरिकेत २०२१चे मॉडेल वर्ष निघालेच नाही, कारण तेव्हा कारखाना दुसऱ्या पिढीकडे वळला होता.

दुसरी पिढी: खड्डा बुजला

नोव्हेंबर २०२० मध्ये नवी बीआरझेड आणि एप्रिल २०२१ मध्ये जीआर ८६ सादर झाली. अमेरिकेत दोन्ही २०२२च्या मॉडेल वर्षाच्या. सर्वांत मोठा बदल इंजिनात झाला. एफए२४ इंजिनात पिस्टनचा प्रवास ८६ मिलिमीटरच ठेवून सिलिंडरचा व्यास ९४ मिलिमीटर केला गेला आणि आकारमान २३८७ घन सेंटिमीटरवर पोचले. व्यास वाढवण्यामागे विचार आहे. बॉक्सर इंजिनात पिस्टनचा प्रवास वाढला तर इंजिन दोन्ही बाजूंना रुंद होते आणि दोन चासीभिंतींमध्ये मावत नाही. शिवाय प्रवास तोच राहिल्याने ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेगही तोच, सेकंदाला सुमारे २० मीटर, राहिला आणि वरपर्यंत फिरण्याची हौस टिकली.

अमेरिकी मापाने शक्ती २२८ अश्वशक्ती झाली, पण खरी बातमी टॉर्कची आहे. सुमारे २५० न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळू लागला, म्हणजे नेमका तिथे, जिथे जुन्या इंजिनात खड्डा होता. पहिल्या गिअरमध्ये चाकांवर सुमारे ३,७०० न्यूटन-मीटर पोचतात, आणि तेही अंतिम गुणोत्तर पुन्हा ४.१ वर आणून. ताशी शून्यावरून १०० किलोमीटर गाठायला टोयोटाच्या आकड्यांनुसार ७.४ सेकंद लागत, ते आता ६.३ झाले. ऑटोमॅटिकलाही या वेळी पूर्ण शक्ती मिळाली. पहिल्या पिढीतली तिची सावत्र वागणूक संपली, आणि दोन्ही गिअरबॉक्समधली निवड आता आवडीची राहिली.

तरीही वजन फारसे वाढले नाही. पहिल्या पिढीची मॅन्युअल गाडी अमेरिकेत सुमारे १२५० किलोची होती, नवी जीआर ८६ सुमारे १२७५ किलोची. इंजिन मोठे, सुरक्षासाधने जास्त, तरी ही भर जेमतेम २५ किलोंची, कारण छत, बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे केले गेले. छत हलके झाले की गुरुत्वमध्यही आणखी थोडा खाली येतो. टनामागे शक्ती १६० अश्वशक्तीवरून १७९ वर गेली. चासीची पिळाला विरोध करण्याची ताकद सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. ताठ चासीचा लाभ थेट वेगात दिसत नाही, सस्पेन्शनच्या कामात दिसतो. चासी स्वतःच वाकत असेल तर वळणातला काही धक्का तिच्यात जिरतो आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरला तो उशिरा कळतो. चासी ताठ असेल तर स्प्रिंग आणि शॉक यांना आपले काम अचूक करता येते आणि स्टीअरिंगला दिलेली आज्ञा लगेच पाळली जाते.

याच इंजिनघराण्याची टर्बो आवृत्ती सुबारूच्या डब्ल्यूआरएक्समध्ये २७१ अश्वशक्ती देते. ती या कूपेत का नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. टर्बो, इंटरकूलर आणि वाढीव थंडावा यांमुळे वजन वाढते, ते पुढच्या टोकाकडे जाते आणि किंमतही चढते. स्वस्त, हलकी आणि समतोल, या तिन्ही अटी एकत्र पाळायच्या तर आकारमान वाढवण्याचा मार्ग अधिक सरळ होता.

नव्या ट्रिमची पारख

२०२२च्या जीआर ८६ची मूळ किंमत वाहतूक खर्च वगळून २७,७०० डॉलर होती. मूळ ट्रिमला १७ इंची चाके व प्रायमसी टायर, प्रीमियमला १८ इंची चाके व पायलट स्पोर्ट ४ टायर. सुबारूमध्ये हीच विभागणी प्रीमियम आणि लिमिटेड या नावांनी आहे. त्यामुळे जीआर ८६ प्रीमियमची तुलना बीआरझेड प्रीमियमशी नव्हे, बीआरझेड लिमिटेडशी करावी लागते. दोन्ही वरच्या ट्रिममध्ये अल्कांटारासारख्या कापडाची व चामड्याची गरम आसने, वळणाबरोबर वळणारे दिवे, अधिक स्पीकर आणि ब्लाइंड स्पॉटची सूचना मिळते.

यातला चालवण्यावर परिणाम करणारा भाग फक्त चाके आणि टायर. २१५/४५ आर१७ आणि २१५/४० आर१८ या दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, सुमारे ६२५ ते ६३० मिलिमीटर. पण टायरची बाजूची भिंत ९७ मिलिमीटरवरून ८६ वर येते. बुटकी भिंत कमी लवचते, स्टीअरिंगला प्रतिसाद तीक्ष्ण होतो आणि खड्डेही जास्त जाणवतात. पायलट स्पोर्टच्या चिकट रबरामुळे पकडीची मर्यादा स्पष्टपणे वर जाते. मूळ ट्रिम घेऊन पुढे चांगले टायर घातले तरी हा बहुतेक लाभ मिळतो. टायर झिजतात आणि बदलावेच लागतात, हे लक्षात घेतले तर मूळ ट्रिम स्वस्त स्पोर्ट्स कूपेच्या कल्पनेला अधिक जागते.

२०२४ हे या पिढीतले दखल घेण्याजोगे वर्ष. तोवर टक्कर टाळणारी स्वयंचलित ब्रेकप्रणाली केवळ ऑटोमॅटिकला मिळत असे, ती आता मॅन्युअललाही मिळाली. याच वर्षी बीआरझेड टीएस ही नियमित ट्रिम म्हणून आली, एसटीआयने जुळवलेले हिताचीचे शॉक आणि सोनेरी ब्रेम्बो ब्रेक घेऊन. जीआर ८६ प्रीमियमवरही ब्रेम्बो आणि सॅक्सचे पॅकेज उपलब्ध झाले. ८६० गाड्यांच्या मर्यादित आवृत्त्या या पिढीतही निघाल्या, त्यांतली २०२४ची ट्रुएनो एडिशन ब्रेम्बो आणि सॅक्ससह होती. २०२५ मध्ये बीआरझेडची प्रीमियम ट्रिम बंद झाली, लिमिटेड आणि टीएस उरल्या. त्यामुळे सर्वांत कमी किमतीची नवी गाडी हवी असेल तर टोयोटाचे दालन गाठावे लागते. युरोपात नवे सुरक्षानियम जुलै २०२४ मध्ये पूर्ण लागू झाल्याने जीआर ८६ तिथे दोनच वर्षे विकली गेली. ब्रिटनला आलेल्या पहिल्या गाड्यांची नोंदणी ९० मिनिटांत संपली होती.

टोयोटा की सुबारू

दोन्ही बिल्ल्यांच्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी एकच. फरक सस्पेन्शनच्या जुळणीत आहे. बीआरझेडच्या पुढच्या स्प्रिंगा टोयोटापेक्षा ताठ आणि मागच्या मऊ असतात. टोयोटात उलट. ज्या टोकाचा ताठरपणा जास्त, त्या टोकाला वळणातला भार अधिक सरकतो आणि तिथली पकड आधी सुटते. म्हणून बीआरझेड मर्यादेला पोचल्यावर पुढच्या बाजूने किंचित बाहेर जाऊ पाहते, स्थिर वाटते. जीआर ८६ची मागची बाजू अधिक सहज फिरते, खेळकर वाटते. सरावलेल्या चालकाला हा फरक ट्रॅकवर कळतो, रस्त्यावर तो सूक्ष्म असतो.

निवडीचा क्रम

जुनी गाडी घेणाऱ्याने आधी मॉडेल वर्ष पक्के करावे. चासी क्रमांकातले दहावे अक्षर ते सांगते: ‘डी’ म्हणजे २०१३, ‘एच’ म्हणजे २०१७, ‘एल’ म्हणजे २०२० आणि ‘एन’ म्हणजे २०२२. त्यानंतर गिअरबॉक्स पाहावा, कारण २०१७ची सुधारणा मॅन्युअलपुरतीच होती. मग व्हॉल्व्ह स्प्रिंगांच्या कामाची आणि ऑइल बदलाची कागदपत्रे तपासावीत. १२.५ संपीडनाच्या इंजिनाला उच्च ऑक्टेनचेच पेट्रोल लागते, हा खर्च सर्व वर्षांना समान धरावा.

पैसे मर्यादित असतील तर चांगली राखलेली २०१५ किंवा २०१६ची गाडी समतोलाचा सगळा आनंद देते, टॉर्कच्या खड्ड्याशी जुळवून घ्यायची तयारी मात्र हवी. मॅन्युअल हवी आणि पहिल्याच पिढीत राहायचे तर २०१७ ते २०२०, आणि ट्रॅकवर जायचे असेल तर ब्रेम्बो-सॅक्सचे पॅकेज. ऑटोमॅटिक हवी असेल तर २०२२ किंवा नंतरचीच घेणे शहाणपणाचे. आणि नवी घेण्याची ऐपत असेल तर दुसऱ्या पिढीची सर्वांत साधी ट्रिमही पहिल्या पिढीच्या सर्वांत दुर्मीळ आवृत्तीपेक्षा जोरकस ठरते, कारण चाकावरचा टॉर्क आणि चासीचा ताठपणा हे दोन्ही नंतर पैसे खर्चून सहज बदलता येत नाहीत. टायर, ब्रेक पॅड, शॉक आणि आसने मात्र केव्हाही बदलता येतात. जे नंतर बदलता येत नाही त्याच्यासाठी आधी पैसे मोजावेत, हाच या सगळ्या वर्षांच्या आणि ट्रिमच्या तुलनेचा निष्कर्ष आहे.